निळ्या रंगाची तिसरी वाट

आमच्या झाडीपट्टीत खाजेला नाव पडतं ते खाज देणाऱ्याचं. रानात शिरताना खाजकुयलीच्या शेंगेला अंग घासलं की 'कुयली लागली'. बिब्ब्याचं तेल कातडीवर पडून फोड आले की 'बिब्बा उतला'. तेंदूपत्त्याच्या हंगामात पहाटे पानं तोडून आलेल्या बाया दुपारी पुडे बांधत बसतात. एकमेकींच्या दंडाकडे नुसतं बघून त्या सांगतात की हे मुंग्यांचं, हे सुरवंटाचं आणि हे बिब्ब्याचं. कशाने झालं ते कळलं की काय लावायचं तेही ठरलेलं असतं.

एक खाज मात्र या यादीत बसत नाही. तिला कुणी 'पित्त उठलं' म्हणतं, कुणी 'गांधी उठल्या'. संध्याकाळी मांडीवर रुपयाएवढी लालसर गांधी येते, तासाभरात पाच होतात, मग त्या एकमेकींत मिसळून नकाशासारख्या पसरतात. सकाळी तिथं काही नसतं, डागसुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी त्या पाठीवर येतात.

माझ्या आत्याला हा त्रास सात-आठ वर्षं होता. चंद्रपूर आणि गडचिरोली हे दोन जिल्हे जिथं एकमेकांना लागतात, त्या भागातलं तिचं गाव. घरी गेरू चोळून घोंगडी पांघरायला देत. बाजाराच्या गावचे डॉक्टर विचारत, काय खाल्लं होतं? आत्याने आधी वांगं सोडलं, मग अंडं, मग शेंगदाणे, मग तूरडाळ. शेवटी भात, मीठ आणि पातळ ताक एवढंच ताटात उरलं, तरी गांधी उठतच राहिल्या. सहा आठवड्यांहून अधिक काळ टिकणाऱ्या या आजाराचं मूळ खाण्यात क्वचितच असतं, हे तिला कुणी सांगितलं नाही. तिच्या सोडलेल्या ताटाचं मला आजही वाईट वाटतं. या आजाराचा इतिहास मी शोधू लागलो तो त्या ताटामुळे.

या इतिहासाची सुरुवात आपल्याकडे फार जुनी आहे. सुमारे बाराशे-तेराशे वर्षांपूर्वी माधवकराने रोगनिदानाचा जो ग्रंथ रचला, त्यात शीतपित्त, उदर्द आणि कोठ यांना स्वतंत्र प्रकरण आहे. गांधीलमाशी डसल्यावर येते तशी सूज, असं त्याचं वर्णन आहे. मला महत्त्वाची वाटते ती पुढची बाब. वाताचा जोर असेल तर शीतपित्त, कफाचा असेल तर उदर्द. क्षणात उठून क्षणात जाणारा तो कोठ, पुन्हा पुन्हा उठत राहणारा तो उत्कोठ. दिसायला एकसारख्या गांधी एका जातीच्या नसतात, त्यांची वर्गवारी करावी लागते, हा विचार तेव्हाच झालेला होता. वर्गवारी कशावरून करायची, एवढाच प्रश्न उरला होता. त्याचं उत्तर कातडीच्या आत होतं, आणि तिथं डोकावायला रंग लागणार होते.

त्या रंगांचा जन्म मलेरियातून झाला. १८५६ साली लंडनमध्ये विल्यम पर्किन नावाचा अठरा वर्षांचा मुलगा डांबरातल्या रसायनांपासून क्विनाइन बनवू पाहत होता. क्विनाइन काही बनलं नाही, भांड्याच्या तळाशी जांभळा रंग मिळाला. त्यातून कृत्रिम रंगांचे कारखाने उभे राहिले आणि १८७६ मध्ये हाइनरिश कारो या जर्मन रसायनतज्ज्ञाने मिथिलीन ब्लू हा निळा रंग तयार केला. कापड रंगवण्यासाठी निघालेले हे रंग पाउल एर्लिश नावाच्या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने मांसाच्या पातळ कापांवर घातले.

एर्लिशचा जन्म १८५४ चा, सायलेसिया प्रांतातला. त्याचा मामेभाऊ-आतेभाऊ जो कुणी होता तो कार्ल वायगेर्ट आधीपासून रंगांचे प्रयोग करत होता, त्याच्याकडून हे वेड आलं. प्रत्येक पेशीचं प्रत्येक रंगाशी वेगळं नातं असतं आणि त्या नात्यावरून पेशीची ओळख पटते, या एका कल्पनेमागे तो आयुष्यभर लागला. १८७८ च्या लाइपझिगमधल्या आपल्या प्रबंधात त्याने एका पेशीचं वर्णन केलं. तिच्या पोटात दाणे खच्चून भरलेले होते. निळा रंग घातला की ते दाणे निळे न दिसता जांभळट दिसत. ही पेशी चांगलं खाऊन-पिऊन पुष्ट झाली असावी, असं वाटून त्याने तिला 'मास्ट' पेशी म्हटलं. जर्मनमध्ये जनावरांना चारून पुष्ट करण्याला तो शब्द आहे. पुढे रक्ताच्या थेंबात त्याने पांढऱ्या पेशींच्या जाती रंगांवरूनच वेगळ्या काढल्या. इओसिन हा तांबडा रंग धरणारी ती इओसिनोफिल. क्षारधर्मी निळा रंग धरणारी ती बेसोफिल. बेसोफिल सगळ्यांत दुर्मिळ. निरोगी माणसाच्या शंभर पांढऱ्या पेशींत ती एखादी सापडते, कधी तीही नाही.

एर्लिशचे रंग आमच्या या दोन जंगली जिल्ह्यांत दोन वाटांनी आले.

पहिली वाट महारोगाची. कोखने १८८२ मध्ये क्षयाचा जंतू दाखवला, त्याच वर्षी एर्लिशच्या लक्षात आलं की या जंतूने एकदा रंग धरला की आम्लानेसुद्धा तो सुटत नाही. झील आणि नीलसन यांनी ती रीत सुधारली. महारोगाचा जंतूही त्याच कुळातला, त्यामुळे तोही त्याच रीतीने लाल दिसू लागला. चंद्रपूर जिल्ह्यातल्या वरोऱ्याला बाबा आमट्यांनी १९४९ मध्ये महारोगी सेवा समिती स्थापन केली, कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये या रोगाचं शिक्षण घेतलं आणि खडकाळ माळावर आनंदवन उभं केलं. त्या काळापासून इथल्या हजारो लोकांच्या कानाची पाळी चिमटीत धरून, बारीक छेद घेऊन, तिथला रस काचेवर पसरला गेला आहे. काचेवर लाल काड्या दिसल्या तर एक निदान, न दिसल्या तर दुसरं.

इथं थोडं थांबायला हवं, कारण रुग्णाच्या प्रतिकारशक्तीवरून त्याची वर्गवारी करणं या मुलखाने सगळ्यात आधी महारोगात पाहिलं. एकाच जंतूने कुणाच्या अंगावर एखाद-दुसरा बधिर चट्टा उठतो, तर कुणाचा सबंध चेहरा जाड होतो, कान लोंबतात. जंतू तोच, फरक माणसात. १९६६ मध्ये रिडली आणि जॉपलिंग यांनी त्याची पाच पायऱ्यांची मांडणी केली. एका टोकाला ज्यांच्या लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशी जंतूभोवती वेढा घालून बसतात आणि जंतू हुडकूनही सापडत नाही असे रुग्ण. दुसऱ्या टोकाला ज्यांच्या पेशी जंतूंनी ठासून भरलेल्या असतात आणि वेढा पडतच नाही असे. पुढे १९८२ पासून बहुविध औषधोपचार आले, त्यानंतर हीच मांडणी सोपी होत गावपातळीवर उतरली. पाचपर्यंत चट्टे असतील तर सहा महिने औषध, त्याहून अधिक असतील तर वर्षभर. चट्टे मोजणारी आशाताई लिम्फोसाइट बघत नाही, पण तिच्या बोटांखालच्या त्या मोजणीमागे लिम्फोसाइटच आहेत.

दुसरी वाट निळी, मलेरियाची. मिथिलीन ब्लू मलेरियाच्या परोपजीवीला आवर्जून चिकटतो हे पाहून एर्लिशने १८९१ मध्ये गुटमान या सहकाऱ्याबरोबर बर्लिनच्या मोआबिट रुग्णालयात दोन रुग्णांना तोच रंग औषध म्हणून दिला. जो रंग चिकटतो तो मारेलही, असा त्याचा सरळ हिशेब होता. कृत्रिम रसायनाने माणसाचा रोग बरा करण्याचा तो अगदी सुरुवातीचा प्रयत्न. क्विनाइन शोधताना जन्मलेली रंगांची विद्या अशी फिरून मलेरियाकडे आली. पुढे १९४४ मध्ये मलेरिया इन्स्टिट्यूट ऑफ इंडियाच्या जसवंत सिंग आणि भट्टाचार्जी यांनी मिथिलीन ब्लू आणि इओसिन यांचं पाण्यात विरघळणारं, स्वस्त आणि झटपट काम देणारं रंगद्रावण काढलं. त्यांच्या आद्याक्षरांवरून त्याला जेएसबी म्हणतात. देशभरच्या मलेरिया मोहिमेची स्लाइड या रंगावर चालली.

गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपुरातून वेगळा झाला. तीन-चतुर्थांश जंगल, पाण्याचे झरे आणि डास. महाराष्ट्रातले मलेरियाचे सर्वाधिक रुग्ण अनेक वर्षं याच जिल्ह्यात सापडत. धानोरा, एटापल्ली, भामरागड, कोरची, कुठल्याही प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. पाण्याने डागाळलेल्या टेबलावर सूक्ष्मदर्शक, निळ्या-तांबड्या बरण्या आणि वाळत घातलेल्या काचा दिसतीलच. तंत्रज्ञाची बोटं बारा महिने निळी. थंडी-ताप आलेल्या माणसाच्या बोटाला टोचून काचेवर एक जाड थेंब आणि एक पातळ फराटा घ्यायचा. जाड थेंब पाण्यात धरून त्यातला लालपणा घालवायचा, रंग द्यायचा आणि नजर लावायची. परोपजीवी किती दाट आहेत हे ठरवायला तो पांढऱ्या पेशींचाच आधार घेतो. दोनशे पांढऱ्या पेशी मोजून होईपर्यंत किती परोपजीवी दिसले, यावर हिशेब मांडला जातो.

म्हणजे बेसोफिल या माणसाच्या नजरेखालून रोज जाते. फक्त ती ओळखू येत नाही. तिचे दाणे पाण्यात विरघळतात. जाड थेंब पाण्यात बुडवला की एर्लिशने ज्यावरून तिला ओळखलं ते दाणेच धुऊन निघतात. पातळ फराटा मिथेनॉलने आधी पक्का केला तर ते बऱ्यापैकी टिकतात, पण पातळ फराटा बघायचा तो परोपजीवीची जात, पीव्ही की पीएफ, ठरवायला.

तिसरी वाट या पेशीची. ती आमच्याकडे पूर्ण आलीच नाही. जगात ती कशी पुढे गेली ते आता सांगतो.

एर्लिशच्या मास्ट पेशीचं काम काय, हे पाऊण शतक कुणाला ठाऊक नव्हतं. दरम्यान लंडनमध्ये डेल आणि लेडलॉ यांनी १९१० मध्ये हिस्टामिन या रसायनाचे परिणाम तपासले. ते कातडीत गेलं की लाली, खाज आणि सूज, म्हणजे हुबेहूब गांधी. १९५३ मध्ये डंडीच्या रायली आणि वेस्ट यांनी दाखवलं की शरीरातलं हिस्टामिन मास्ट पेशींच्या त्या दाण्यांतच साठवलेलं असतं. रक्तातल्या बेसोफिलच्या दाण्यांतही तेच. औषध मात्र त्याच्या आधीच निघालं होतं. डॅनिएल बोव्हेने १९३७ मध्ये हिस्टामिनला अडवणारा पहिला पदार्थ दाखवला आणि १९५७ चं नोबेल त्याला मिळालं. आमच्या बाजारगावात पुढं जी 'अ‍ॅव्हिलची गोळी' पोचली ती त्याच वंशातली. आत्याच्या पदराला ती कायम बांधलेली असे. गोळी घेतली की झोप येई, गांधी कधी बसत, कधी नाही.

कधी बसत आणि कधी नाही, हा फरक इथं कळीचा आहे. कुयलीचंच बघा. १९५५ मध्ये शेली आणि आर्थर यांनी दाखवून दिलं की कुयलीच्या लवेत प्रथिनं तोडणारं एक विकर असतं आणि खाज त्याने येते, हिस्टामिनने नव्हे. म्हणून कुयली लागलेल्याला अ‍ॅव्हिल देऊन फारसं साधत नाही. खाजवणारा हात तोच, आतलं कारण निराळं. पित्ताच्या गांधींमध्ये हिस्टामिन तर असतंच, पण पेशीला ते ओकायला लावतं कोण?

याचा माग आधी ॲलर्जीत लागला. १९२१ मध्ये ब्रेस्लाऊचा क्युस्टनर हा डॉक्टर मासे खाल्ले की गांधींनी भरून जाई. त्याचं थोडं सीरम सहकारी प्राउस्निट्झने स्वतःच्या पोटाच्या कातडीत टोचून घेतलं. दुसऱ्या दिवशी त्याच जागी माशाचा अर्क टोचला आणि मासे खुशाल पचवणाऱ्या प्राउस्निट्झच्या पोटावर गांधी उठली. खोडी सीरममध्ये आहे, हे ठरलं. सीरममधली ती वस्तू हाती यायला ४५ वर्षं गेली. डेन्व्हरमध्ये किमिशिगे आणि तेरुको इशिझाका या जपानी दांपत्याने १९६६ मध्ये, आणि स्वीडनमध्ये योहान्सन व बेनिक यांनी पाठोपाठ, एक नवं प्रतिपिंड ओळखलं. १९६८ मध्ये त्याला आयजीई हे नाव मिळालं. मास्ट पेशी आणि बेसोफिल यांच्या अंगावर ते काट्यांसारखं रोवलेलं असतं. काट्यांना धक्का लागला की पेशी दाणे बाहेर टाकते.

पण आत्याला माशांची ॲलर्जी नव्हती, शेंगदाण्याचीही नव्हती. बाहेरून काहीच येत नसताना धक्का कोण देत होतं?

पहिली खूण १९६२ सालची आहे. स्वीडनमधल्या लुंड इथं हान्स रॉर्समनने गांधी उठणाऱ्या रुग्णांच्या रक्तातल्या बेसोफिल मोजल्या. नेहमीच्या शंभर पेशींच्या मोजणीत एक-दोनचा फरक कळणंच शक्य नसतं, त्यासाठी खास रंग देऊन, मोजणीच्या कोठीत घालून त्यांची नेमकी संख्या काढावी लागते. त्याला त्या कमी भरल्या, काही रुग्णांत जवळजवळ नाहीशाच. सगळ्यांत दुर्मिळ पेशी आणखी दुर्मिळ झालेली. ॲलर्जीच्या पेशी आजारात वाढाव्यात अशी अपेक्षा, आणि इथं उलटंच. ही नोंद बराच काळ कुतूहलाचा विषय म्हणून पडून राहिली. आज तिचा अर्थ असा लावतात की त्या पेशी रक्तातून निघून कातडीत, गांधींच्या जागी जातात. १९७६ मध्ये कर्न आणि लिश्टनस्टाइन यांनी आणखी एक खूण दिली. या रुग्णांच्या उरलेल्या बेसोफिलना प्रयोगशाळेत डिवचलं तर त्या हिस्टामिन नीट सोडत नाहीत.

मग १९८६ मध्ये इंग्लंडच्या क्लाइव्ह ग्रॅटन आणि सहकाऱ्यांनी प्राउस्निट्झचा प्रयोग उलटा फिरवला. रुग्णाचंच सीरम काढून त्याच रुग्णाच्या हातात टोचलं आणि काहींच्या हातावर गांधी उठली. स्वतःच्या रक्तात स्वतःलाच डिवचणारं काहीतरी होतं. १९९३ मध्ये मिचिहिरो हिदे, माल्कम ग्रीव्ह्ज आणि त्यांच्या मंडळींनी ते काय ते दाखवलं. ज्या खोबणीत आयजीईचा काटा रोवलेला असतो, त्या खोबणीलाच धरणारं प्रतिपिंड काही रुग्णांच्या शरीराने बनवलेलं होतं. बाहेरचा शत्रू कुणीच नव्हता, घरच्या पहारेकऱ्याला घरचाच माणूस ढकलत होता. ताटातलं वांगं निर्दोष होतं.

यानंतरच्या तीस वर्षांत वर्गवारी आकाराला आली. काही रुग्णांचं आयजीई स्वतःच्याच घटकांना, उदाहरणार्थ थायरॉइडच्या एका विकराला, शत्रू समजतं. या प्रकाराला पहिला म्हणतात. दुसऱ्या प्रकारात आयजीजी जातीची प्रतिपिंडं पेशीच्या खोबणीला किंवा आयजीईलाच धरतात. या दुसऱ्या गटातल्या लोकांत बेसोफिल आणि इओसिनोफिल रक्तात कमी असतात, एकूण आयजीई कमी असतं, थायरॉइडविरोधी प्रतिपिंडं बरेचदा सापडतात, आजार अधिक तीव्र असतो आणि हिस्टामिनविरोधी गोळ्या कमी लागू पडतात. २०१४ मध्ये अमेरिकेत या आजारासाठी मान्यता मिळालेलं ओमालिझुमॅब हे इंजेक्शन पहिल्या गटाला काही दिवसांत आराम देतं, दुसऱ्याला आठवडे लावतं किंवा गुणच देत नाही. त्यांच्यासाठी सायक्लोस्पोरिन अधिक कामाचं ठरतं. सगळे रुग्ण या दोन खणांत बसत नाहीत. दुसऱ्या प्रकाराच्या सगळ्या कसोट्यांना उतरणारे रुग्ण शंभरात सात-आठच निघाले, असं युरोपात २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दिसलं. पण कोण कुठल्या बाजूला झुकतो एवढं जरी आधी कळलं, तरी वर्षांची भटकंती वाचते.

ओळख पटवायची आधुनिक रीत अशी. रुग्णाचं सीरम निरोगी माणसाच्या बेसोफिलवर घालायचं आणि लेझरच्या यंत्रातून एकेक पेशी सोडून तिच्या पृष्ठभागावर सीडी ६३ नावाची खूण उगवली का ते पाहायचं. ही खूण एरवी दाण्यांच्या आवरणावर असते, दाणे बाहेर फुटले तरच ती पेशीच्या अंगावर दिसते. फुटलेल्या घराचं दार बाहेर येऊन पडावं तशी. रुग्णाच्या स्वतःच्या बेसोफिलही डिवचून पाहतात. त्यात प्रतिसाद देणारे आणि न देणारे असे दोन गट पडतात, ते अमेरिकेत सरबजीत सैनी आणि बेकी व्होनाकिस यांनी मांडले.

महाराष्ट्रात या शोधाचा स्वस्त आणि सोपा भाग आधी पोचला. नवी मुंबईचे त्वचारोगतज्ज्ञ किरण गोडसे यांनी २००४ मध्ये इथल्या रुग्णांवर स्वतःच्या सीरमच्या चाचणीचा अनुभव प्रसिद्ध केला. पुढे भारतीय त्वचारोगतज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचना लिहिण्यातही ते पुढे होते. चाचणी अगदी साधी आहे. रक्त काढायचं, अर्धा तास गोठू द्यायचं, फिरवून वरचं सीरम घ्यायचं. एका हातावर थोड्या थोड्या अंतराने सीरम, मीठपाणी आणि हिस्टामिन, प्रत्येकी जेमतेम एक थेंब, ०.०५ मिलिलिटर. अर्ध्या तासाने गांधी मोजायच्या. सीरमची गांधी मीठपाण्याच्या गांधीपेक्षा दीड मिलिमीटरने मोठी असली की चाचणी होकारार्थी. अलाहाबादच्या बजाज आणि मंडळींनी २००८ मध्ये तेच सीरम औषध म्हणून दर आठवड्याला टोचण्याचा उपचार मांडला. त्याचा गुण किती खरा आणि किती विश्वासाचा, यावर पुढच्या अभ्यासांत एकमत झालं नाही.

भामरागडच्या माणसापर्यंत यातलं काय पोचू शकतं? सीरम गोठवून दूर पाठवता येतं. जिवंत बेसोफिल मात्र एका दिवसाच्या आत यंत्राखाली जायला हवी. पावसाळ्यात पर्लकोटा नदी पुलावरून वाहू लागली की भामरागडचा माणूस दिवसेंदिवस बाहेर पडू शकत नाही, त्याचं रक्त कुठं पडणार! म्हणून मला रॉर्समनची ती जुनी रीत इथल्यासाठी मोलाची वाटते. खास रंग, मोजणीची कोठी, नजर आणि मोजायचा धीर, एवढंच तिला लागतं, आणि यातलं बरंच इथं आहे.

तरी ती जशीच्या तशी उचलून चालणार नाही. कारण इथलं रक्त स्वीडनचं नाही. हे दोन्ही जिल्हे हत्तीरोगाचे. त्याचे सूक्ष्म जंत आणि पोटातले जंत इओसिनोफिल वाढवतात. १९४० मध्ये आंध्रातल्या मदनपल्लीच्या क्षयरोग्यांच्या आरोग्यधामात फ्रिमॉड-म्योलर आणि बार्टन यांनी क्षयासारखा दिसणारा, पण इओसिनोफिलनी भरलेला एक छातीचा आजार नोंदवला. १९४३ मध्ये वाइनगार्टनने त्याला नाव दिलं आणि पुढे त्याचं मूळ हत्तीरोगाच्या जंताला शरीराने दिलेल्या अतिरेकी प्रतिसादात निघालं. आयजीईचंही तसंच. नाव मिळालं त्याच १९६८ साली योहान्सनने इथिओपियातल्या लहान मुलांचं रक्त तपासलं, तेव्हा स्वीडिश मुलांच्या अनेक पटींनी आयजीई निघालं, विशेषतः जंत असलेल्या मुलांत. इथल्या एखाद्या बाईला दुसऱ्या प्रकारच्या गांधी असतील आणि पोटात जंतही असतील, तर कमी व्हायला हवं ते आयजीई जंतांमुळे वर जाईल, इओसिनोफिलही भरून निघतील, आणि युरोपातल्या निकषांवर ती चुकीच्या खणात पडेल. इथल्या निरोगी माणसाच्या रक्तात या पेशी किती, हे आधी इथंच मोजावं लागेल.

असं काम जवळपास झालेलं आहे, म्हणून हे स्वप्नरंजन नव्हे. चंद्रपूरच्या शेजारी वर्धा जिल्ह्यात, सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत, बी. सी. हरिनाथ यांनी अनेक वर्षं हत्तीरोगाचं रोगप्रतिकारशास्त्र उभं केलं. रात्रीच्या रक्तात सूक्ष्म जंत सापडायची वाट न बघता बोटाच्या रक्तातल्या प्रतिपिंडांवरून आणि जंताच्या अंशांवरून रुग्ण ओळखायच्या चाचण्या त्यांच्या प्रयोगशाळेत घडल्या. विदर्भातल्या रक्तासाठी विदर्भातच निकष ठरवता येतात, हे तिथं सिद्ध झालेलं आहे.

दुसरी अडचण जंतांहून मोठी वाटते, आणि ती माणसांनी केलेली आहे. गावोगावी पित्ताला डेक्सामिथॅसोन हे स्टेरॉइड टोचतात. बाई तासाभरात हसत घरी जाते. पण स्टेरॉइडने बेसोफिल आणि इओसिनोफिल दोन्ही रक्तातून उतरतात. त्या आठवड्यात अशा रुग्णांचं रक्त मोजलं तर सगळेच दुसऱ्या प्रकारचे दिसतील. सूज, मधुमेह, हाडांची झीज हे स्टेरॉइडचे परिणाम आपण जाणतो. ते रोगाचा पुरावाही पुसून टाकतं, हे कमी बोललं जातं. झोप न आणणारी सेटिरिझिन-लिव्होसेटिरिझिनसारखी गोळी, गरज पडली तर डॉक्टरच्या देखरेखीखाली चौपट मात्रेपर्यंत, हा मान्य रस्ता आहे आणि या गोळ्या काही रुपयांत मिळतात. आत्याच्या वेळी तो रस्ता कुणी तिला दाखवला नाही. तिचा आजार आपणहून थांबला, तसा तो पुष्कळांचा काही वर्षांनी थांबतो.

तालुक्याच्या रुग्णालयात आता रक्त मोजायची यंत्रं आली आहेत. पण त्यांतली बरीच पांढऱ्या पेशींचे तीनच गट पाडतात. मोनोसाइट, इओसिनोफिल आणि बेसोफिल यांना एकत्र करून 'मधल्या' असा एकच आकडा येतो.

गेल्या हिवाळ्यात एका आरोग्य केंद्रातल्या तंत्रज्ञ मित्राकडे दुपारभर बसलो होतो. त्याने माझंच रक्त घेतलं, पातळ फराटा ओढला, मिथेनॉल घालून वाळवला, रंगवला. तेलाचा थेंब टाकून तो काच सरकवत राहिला. लिम्फो, पॉली, पॉली, पॉली, इओसिनो, पॉली. दीडशेच्या पुढे गेल्यावर तो थांबला आणि बाजूला सरकला. मी डोळा लावला. गुलाबी लाल पेशींच्या गर्दीत एक गोल, आत काळसर जांभळे दाणे इतके दाटलेले की मधलं केंद्रक त्यांच्याखाली झाकलं गेलेलं, पिकल्या जांभळांनी भरलेली ओंजळ जशी.

"हे दिसते आमाले," तो म्हणाला. "पन लिहाले जागाच नाई."

त्याने मलेरियाचं रजिस्टर माझ्याकडे फिरवलं. नाव, गाव, वय, पीव्ही, पीएफ, शेरा. शेऱ्याच्या रकान्यात त्याने शिसपेन्सिलीने एक उभी रेघ मारली आणि पुन्हा काच सरकवायला लागला.